मत्तीची चौकट, सागवानाची झडप: लाकडाविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळी सरली की आपल्या भागात बांधकामं सुरू होतात आणि लाकडाविषयीची पत्रं वाढतात. या खेपेला निम्म्याहून जास्त पत्रं मत्तीबद्दल आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न: खानापूर तालुक्यात घर बांधतो आहोत. सगळी चौकट-दारं सागवानाची करणं परवडत नाही. मेस्त्री म्हणतात मत्ती घ्या, शेजारी म्हणतात मत्ती वाकते आणि तडकते. कुणाचं ऐकायचं?

दोघांचंही खरं आहे. मत्ती, म्हणजे कोकणात ज्याला ऐन म्हणतात ते झाड, आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या जंगलाचं मुख्य इमारती लाकूड आहे. खानापूर, लोंढा, हल्याळ, जोयडा भागातल्या जुन्या घरांचे खांब, तुळया आणि वासे पाहिलेत तर त्यात मत्ती भरपूर सापडेल. लाकूड जड आणि ताकदवान आहे. वाळलेल्या मत्तीचं वजन घनमीटरला साधारण 850 किलो, सागवानाचं 650 किलो. कठीणपणात मत्ती सागवानाच्या दुप्पट भरते. खिळ्यानं किंवा भांड्यानं तिच्यावर सहसा खोक पडत नाही.

मग सागवानाला एवढा भाव कशासाठी? सागवान वाळताना फार कमी आकसतं आणि एकदा वाळलं की जागचं हलत नाही. त्यात तेलकट द्रव्य असतं, त्यामुळे पाणी, बुरशी आणि वाळवी यांना ते बराच काळ दाद देत नाही. ओल्याचं पूर्ण कोरडं होईपर्यंत सागवान रुंदीत 5 टक्क्यांच्या आसपास आकसतं, तर मत्ती त्याच्या दीडपट. शिवाय मत्तीचे तंतू एका दिशेनं सरळ जात नाहीत, थराथरानं उलटसुलट फिरलेले असतात. घाईनं वाळवलं की एक बाजू आधी ओढली जाते आणि फळी पिळते. शेजाऱ्यांनी पाहिलेली मत्ती बहुधा ओलीच बसवलेली असणार.

आमचा सल्ला असा: चौकटी, खांब, तुळया, जिन्याच्या पायऱ्या आणि उंबरठा मत्तीचे करा. झडपा, खिडक्यांच्या फ्रेमा आणि कपाटाची दारं, म्हणजे जे उघडतं-मिटतं ते सगळं, सागवानाचं करा. चौकटीचा तुकडा जाड असतो, भिंतीत पकडलेला असतो, त्यात एक-दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी बिघडत नाही. झडपेत तेवढ्यानंच दार अडकतं. या वाटणीत लाकडाचा खर्च बराच उतरतो आणि घराचं आयुष्य कमी होत नाही.

पण चौकट बसवतानाची काळजी सागवानापेक्षा जास्त घ्यावी लागेल. आपल्याकडे भिंती जांभ्या दगडाच्या, आणि जांभा पाणी धरतो. वर गिलाव्याला आठवडाभर पाणी मारलं जातं. चौकटीची भिंतीकडची बाजू कोरी ठेवली तर ती तेवढ्या काळात ओल पिते, फुगते, मग उन्हाळ्यात आकसून भिंतीपासून सुटते. म्हणून भिंतीकडच्या तिन्ही पाठींना, आणि जमिनीत टेकणाऱ्या टोकांना विशेषतः, बसवण्याआधी डांबराचे किंवा रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात द्या. सात फुटी चौकटीला प्रत्येक बाजूला तीन होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत पकडणाऱ्या लोखंडी पट्ट्या, हव्यात. दोनवर भागवलं की मधला भाग पोट काढतो. उंबरठा नसलेल्या चौकटीच्या खालच्या टोकांना आडवी पट्टी ठोका आणि फरशी होईपर्यंत ती काढू नका.

खांब असेल तर तो थेट जमिनीत पुरू नका. जुन्या घरांत खांबाखाली दगडी तळखडा असायचा तो शोभेसाठी नव्हता. लाकडाच्या उभ्या नळ्या टोकाकडून पाणी ओढतात आणि वाळवीही तिथूनच चढते. जमिनीपासून नऊ इंच ते एक फूट उंचीचा दगड खांबाखाली हवाच.

प्रश्न: डेपोत मत्ती म्हणून किंदळ देतात असं ऐकलं. फरक कसा ओळखावा? (नंदगड)

ओंडक्याला साल असेल तर अवघड नाही. मत्तीची साल काळसर करडी, उभ्या-आडव्या खोल भेगांनी चौकोनी खवले पडलेली, मगरीच्या पाठीसारखी दिसते. किंदळाची साल तितकी खोल फाटत नाही. कापलेल्या लाकडात मत्तीचा गाभा गडद तपकिरी, त्यात आणखी काळसर पट्टे. भोवतीचं कच्चं लाकूड फिकट आणि दोन्हीतली सीमा स्पष्ट. किंदळाचा गाभा फिकट, करडेपणाकडे झुकणारा.

वजनाची एक सोपी चाचणी आहे. वाळलेल्या गाभ्याची एक फूट लांबीची, सगळीकडे सारख्या जाडीची काठी घ्या, तिच्यावर दहा सारखे भाग आखा आणि अरुंद उंच भांड्यात पाण्यात उभी सोडा. सागवान सहा-साडेसहा भाग बुडतं, मत्ती आठ-साडेआठ. किंदळ या दोघांच्या मध्ये, पण मत्तीला इतकं जवळ की एवढ्यावर निकाल देऊ नये. खरं सांगायचं तर खांब-तुळईसाठी किंदळही वाईट नाही. भाव मत्तीचा लावलाय की नाही, एवढंच बघा.

प्रश्न: शेतातलं मत्तीचं झाड परवानगीनं तोडलं आहे. ओंडका घरीच आहे. कापून वाळवायची पद्धत सांगा. (जांबोटी)

हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण मत्तीची बदनामी इथेच होते.

आज पहिलं काम टोकांचं. ओंडक्याच्या दोन्ही कापांवर डांबर, जाड ऑइलपेंट किंवा वितळलेलं मेण लावा. लाकडातलं पाणी बाजूंपेक्षा टोकांकडून कितीतरी वेगानं जातं. टोक आकसतं, आतला भाग तसाच राहतो आणि तारेसारखी चीर आत धावते. फूटभर चिरलं की चौकटीच्या लांबीतून दोन फूट गेलेच.

दुसरं, ओंडका महिनोन्‌महिने पडू देऊ नका. ओला असतानाच सॉ मिलवर न्या. जड लाकूड ओंडक्याच्या रूपात वाळत नाही, फक्त तडकतं आणि पांढऱ्या भागात किडा धरतं. कापवताना मिलवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा: झाडाचा अगदी मधला भाग, जिथून वलयं सुरू होतात, तो चौकटीच्या तुकड्याच्या पोटात राहता कामा नये. तो ज्या तुकड्यात राहतो तो तुकडा आज ना उद्या चिरतोच, कितीही हळू वाळवा. ओंडक्याचा पहिला काप मधोमध घ्या म्हणजे तो भाग दोन्हीकडच्या तुकड्यांच्या कडेला येतो आणि तासून काढता येतो. तीन इंच जाडी हवी असेल तर सव्वातीन कापा, चार हवी असेल तर सव्वाचार. आकसणं आणि रंधा दोन्ही त्यातून भागतं.

मग रचाई. सावलीची, वारा खेळणारी जागा घ्या, जनावरांचा गोठा नको, तिथे दमटपणा असतो. जमिनीपासून दीड फूट उंच विटांचे किंवा दगडांचे ओटे, वर एका पातळीत ओंडे. पातळी दोरीनं तपासा, कारण खालचा थर ज्या आकारात बसेल त्याच आकारात सगळी चळत वाळेल. दोन थरांमध्ये एक इंच जाडीच्या वाळलेल्या पट्ट्या, दर दोन फुटांवर. पट्ट्या बरोबर एकाखाली एक हव्यात. एखादी चार इंच सरकली तर वरचं वजन फळीच्या अधांतरी भागावर येतं आणि तिथे कायमचा बाक बसतो. शेवटच्या पट्ट्या टोकांच्या अगदी कडेला. वर पत्रा, आणि पत्र्याखाली दगडांचं वजन, थर जितका वरचा तितका तो पिळायला मोकळा असतो म्हणून.

मार्च ते मे कोरडा वारा कुठल्या बाजूनं येतो ते बघा. त्या दिशेला शेडनेट किंवा गोणपाट बांधा. पावसाळ्यात झडीपासून आडोसा हवा, पण चळत प्लास्टिकमध्ये गुंडाळायची नाही. आत घाम धरतो आणि बुरशी येते. इंचाच्या फळीला चार ते सहा महिने लागतात, तीन इंचाच्या चौकटीला एक वर्ष तरी धरा. जांबोटीकडे जून ते सप्टेंबर वाळणं जवळपास थांबतंच, उलट थोडी ओल परत चढते. म्हणून डिसेंबरात कापलेली फळी मेअखेर उतरवता येईल, चौकटीच्या तुकड्यांना पुढचा उन्हाळा दाखवावा लागेल. घाई असेल तर भट्टीत वाळवून घ्या, मात्र भट्टीवाल्याला लाकूड मत्तीचं आहे हे आधी सांगा. सागवानाबरोबर एकाच भट्टीत घातलं तर सुरुवातीच्या उष्णतेनंच तोंडावर चिरा पडतात.

प्रश्न: दुकानदार "पूर्ण वाळलेलं" म्हणतो. घरी तपासता येईल का? (शहापूर, बेळगाव)

येतं. फळीच्या टोकापासून निदान एक फूट आत आडवा काप घेऊन इंचभर जाडीचा तुकडा काढा. टोकाचा तुकडा नको, तो कायम कोरडाच असतो. लगेच दागिन्यांच्या काट्यावर वजन करा. मग घरच्या ओव्हनमध्ये 100 ते 105 अंशांवर ठेवा आणि दर काही तासांनी वजन घ्या, सलग दोनदा तेच येईपर्यंत. पहिल्या वजनातून शेवटचं वजा करा, आलेल्या आकड्याला शेवटच्या वजनानं भागा आणि शंभरनं गुणा. समजा 56 ग्रॅमचा तुकडा 48 ग्रॅम झाला, तर 8 भागिले 48, म्हणजे 16.7 टक्के ओल.

बेळगाव शहरात घरातल्या कामासाठी 10 ते 12 टक्के योग्य. चौकटीला 14 पर्यंत चालेल. 17 टक्क्यांचं लाकूड झडपेला घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो. ओल मोजायचं पिनांचं मीटर असेल तर तेही वापरा, पण फळी ताजी कापून आतल्या भागावर पिना टोचा. वरचा पापुद्रा कोरडा दाखवतो.

प्रश्न: बेळगावात श्रावणात करून घेतलेलं सागवानी दार अथणीत बसवलं. एप्रिलमध्ये पॅनेलला उभी चीर पडली. लाकूड खोटं होतं का?

लाकूड बहुधा खरंच होतं. हवेच्या दमटपणाप्रमाणे लाकडातली ओल चढते-उतरते. हवेत 90 टक्के आर्द्रता असेल तर लाकूड 20 टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबतं, 30 टक्के असेल तर 6 वर येतं. कणकुंबीचा पावसाळा आणि अथणीचा एप्रिल ही या दोन आकड्यांचीच टोकं आहेत, आणि दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात.

तुमच्या दाराचं गणित मांडू. सागवान ओलीच्या दर एका टक्क्याला रुंदीत सुमारे 0.18 टक्के हलतं. ओल 16 वरून 7 वर आली, म्हणजे 9 टक्के उतरली. अठरा इंची पॅनेल त्यात सात मिलिमीटरच्या पुढे आकसतं. पॅनेल खोबणीत मोकळं असतं तर ते आत सरकलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. तुमचं पॅनेल फेव्हिकॉल लावून किंवा चुका मारून दोन्ही कडांना जखडलेलं असणार. मग फाटण्याखेरीज त्याला मार्ग उरत नाही.

नवं दार करून घेताना खोबण 12 मिलिमीटर खोल ठेवा, पॅनेल त्यात 9 मिलिमीटर शिरू द्या, आणि खोबणीत डिंक अजिबात नको. पॅनेलला पॉलिशचा पहिला हात जोडणीआधीच द्या, नाहीतर आकसल्यावर कडेला कोरी पांढरी रेघ दिसते. आत्ताच्या दारात एप्रिलची चीर पुट्टीनं भरू नका. पावसात लाकूड फुगलं की पुट्टी बाहेर ढकलली जाते किंवा शेजारी नवी चीर पडते. पातळ पात्यानं खोबणीतला डिंक आणि चुका मोकळ्या करा, पॅनेल सुटलं की चिरीत त्याच लाकडाची पाचर डिंकानं बसवून तासा.

खानापूरकडे उलट तक्रार असते, श्रावणात दार अडकतं. तेव्हा रंधा मारला तर उन्हाळ्यात फट दिसते. दिवाळीपर्यंत थांबा, तरीही अडकत असेल तरच तासा. आणि दाराची वरची व खालची कड हातानं चाचपून पाहा. रंगाऱ्यानं ती कोरीच सोडलेली असते, कारण ती दिसत नाही. ओल नेमकी तिथूनच शिरते.

प्रश्न: नव्या दिवाणाखाली रोज पांढरं पीठ पडतं. वाळवी आहे का? (हलशी)

वाळवी नाही. वाळवी मातीच्या नळ्या करते. मैद्यासारखं पीठ आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं म्हणजे लाकूड पोखरणारा भुंगा. तो पांढऱ्या कच्च्या लाकडातल्या पिठूळ अंशावर जगतो. गाभ्याला सहसा जात नाही. मत्ती, आंबा, कोवळं सागवान, सगळ्यांच्या पांढऱ्या भागाला हा धोका आहे.

नव्या लाकडावर उपाय स्वस्त आहे. 20 लिटर कोमट पाण्यात 480 ग्रॅम बोरिक ॲसिड आणि 720 ग्रॅम बोरॅक्स विरघळवा. फळ्या ओल्या असतानाच या पाण्यात बुडवून काढा, दोन-तीन आठवडे एकावर एक घट्ट रचून ताडपत्रीखाली झाका म्हणजे द्रावण आत झिरपतं, मगच पट्ट्या घालून वाळवायला रचा. हे औषध पाण्यानं धुपतं, तेव्हा फक्त घरातल्या सामानाला. हातमोजे घाला, उरलेलं पाणी गुरांच्या वाटेवर ओतू नका.

तुमच्या दिवाणाला मात्र पॉलिश झालेलं आहे, त्यातून द्रावण शिरणार नाही. पीठ पडणाऱ्या पट्ट्या पांढऱ्या लाकडाच्या असतील तर त्या बदलणंच बरं.

प्रश्न: घनफुटाचा हिशेब समजावून सांगा. (निपाणी)

कापलेल्या लाकडाला: रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार करून 144 नं भागा. चार बाय तीनची चौकट, दोन उभे सव्वासात फुटी आणि एक आडवा चार फुटी, एकूण साडेअठरा फूट. 12 गुणिले 18.5 भागिले 144, म्हणजे 1.54 घनफूट. वाळलेल्या मत्तीचा घनफूट साधारण 24 किलो भरतो, म्हणजे ही चौकट 37 किलोची. पन्नासच्या जवळ गेली तर लाकूड ओलं आहे. बिल कापीव मापावर आहे की रंधा मारलेल्या, हे आधी ठरवा.

ओंडक्याला घेराचा चौथा भाग घेतात: 48 इंच घेर, चौथा भाग 12, त्याचा वर्ग गुणिले लांबी 10 फूट, भागिले 144, म्हणजे 10 घनफूट. या पद्धतीत प्रत्यक्ष लाकूड सव्वापटीहून किंचित जास्त असतं, पण साल, पांढरा भाग, करवतीचा भुसा यांत ते आणि आणखी काही जातं. दहाच्या ओंडक्यातून सहा-सात घनफूट कामाचं निघालं तर समाधान माना.

प्रश्न: खानापुरातल्या शेतातलं लाकूड चंदगडला मुलाच्या घरासाठी न्यायचं आहे. कागद कोणते?

झाड तुमच्या उताऱ्यातलं असलं तरी तोडायला वनखात्याची परवानगी लागते. कर्नाटकात त्यासाठी 1976 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. निलगिरी, सुरू, सुबाभूळ, सिल्वर ओक अशा काही झाडांना तोडीची सूट आहे. मत्ती, साग, शिसव यांना नाही. तोडल्यावर ओंडक्यांवर खात्याच्या हातोड्याचा शिक्का मारून घ्या आणि वाहतुकीचा पास काढा. कापून चौकटीचे तुकडे केले म्हणून पास टळत नाही. चंदगड महाराष्ट्रात, तेव्हा हद्द ओलांडायची आहे हे अर्जातच लिहा. पासावरची गाडी, मार्ग, मुदत आणि नगांची संख्या प्रत्यक्षाशी जुळली पाहिजे. दांडेलीसारख्या सरकारी डेपोतून लिलावात घेतलं असेल तर पावती आणि पास घर पूर्ण होईपर्यंत जपून ठेवा.

प्रश्न: मत्तीवर रंधा मारताना पापुद्रे उचकटतात, स्क्रू तुटतात. पॉलिशही खडबडीत येतं. (लोंढा)

तंतू उलटसुलट असल्यानं एका दिशेनं गुळगुळीत जाणारा रंधा पुढच्याच इंचावर उचकटतो. पातं नव्यानं घासा, रंध्याचं तोंड बारीक करा, कागदाइतकाच पापुद्रा काढा आणि रंधा तंतूंना थोडा तिरका धरा. तरी उचकटलेले डाग राहिले तर पत्र्याच्या स्क्रेपरनं काढा. मशिनवर कार्बाइडचीच पाती वापरा, साधी पाती मत्ती लवकर बोथट करते. भुसा नाकात झोंबतो, मास्क लावा.

स्क्रूला आधी भोक हवंच. आठ नंबरच्या स्क्रूला 3 मिलिमीटरचं भोक, वरच्या तुकड्यात साडेचारचं. पेचांवर मेण घासा. पितळी स्क्रू असेल तर आधी त्याच मापाचा लोखंडी फिरवून काढा, मग पितळी बसवा. ओलसर लाकडात लोखंड कायमचं ठेवलं तर भोवती काळा डाग पसरतो.

मत्तीची छिद्रं मोठी, म्हणून भरणी केल्याशिवाय पॉलिश बसत नाही. 120 आणि 180 चा पॉलिशकागद, मग तपकिरी रंग मिसळलेलं फिलर तंतूंच्या आडवं चोळून भरा, सुकल्यावर 220 नं घासा. त्यावर चपडा लाखेचं स्पिरिट पॉलिश किंवा उकळलेलं जवस तेल, दोन्ही छान खुलतं. काळसर पट्टे तेलात जास्त उठून दिसतात. तेलाचे हात पातळ द्या आणि वीस मिनिटांनी जादा तेल पुसून घ्या, नाहीतर चिकट थर राहतो. पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवस तेल सुकताना तापतं आणि गठ्ठा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पाण्यात बुडवा किंवा दोरीवर एकेक पसरून वाळवा, मगच टाका.